एनएडी ३०२० : घेतला, उघडला, बिघडवला, परत नीट केला

दोन दिवाळ्यांपूर्वी घरातल्या होम थिएटरने मान टाकली आणि मी ठरवलं की बास झाले आता ते पाच स्पीकर आणि चार रिमोट, आपल्याला दोनच स्पीकर हवेत, एक जुना दणकट स्टिरिओ ॲम्प (ॲम्प्लिफायर) हवा आणि माळ्यावर गोणपाटात बांधून ठेवलेल्या बाबांच्या एलपी परत वाजल्या पाहिजेत. बजेट वीस हजार. इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण म्हणाल तर डिप्लोमाची दोन वर्षं, नंतर नोकरी भलत्याच लाइनमध्ये, पण हातात सोल्डरिंग आयर्न धरता येतं आणि मल्टिमीटर वाचता येतो, तेवढ्यावर उडी मारली, आणि दोन ॲम्प सोडून तिसरा घेतला तो हा एनएडी ३०२०.

पहिला ॲम्प बघितला चोर बाजारात, मटन स्ट्रीटच्या आतल्या बाजूला. जपानी रिसिव्हर, चंदेरी फेसप्लेट, डायलवर निळसर दिवे, ट्युनिंगचं बटण फिरवलं की आतलं जड चाक असं लोण्यासारखं फिरतं की तिथेच पैसे काढून द्यावेत. बावीस हजार सांगितले, अठराला आला असता. मागे प्लेट वाचली तर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, म्हणजे अमेरिकेचा पीस. दुकानदार म्हणाला, "काय नाय होत शेठ, छोटा ट्रान्सफॉर्मर लावायचा." होत तर नाही काही, पण स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मर म्हणजे अजून एक जड ठोकळा, आणि घरातल्या कोणी चुकून ॲम्पची पिन सरळ भिंतीत घातली की खेळ खलास. आखातातून आलेले पीस या बाबतीत बरे, कारण त्यातल्या बऱ्याच मॉडेलना मागे व्होल्टेज सिलेक्टर असतो, तिथे २२० किंवा २४० वर काटा फिरवला की झालं. घ्यायला जाल तेव्हा आधी मागची प्लेट वाचा, पुढच्या दिव्यांच्या प्रेमात नंतर पडा.

झाकण उघडून दाखवायला लावलं (दुकानदार वैतागला, पण त्याने उघडलं) आणि आत दिसला एसटीकेचा काळा ठोकळा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एसटीके म्हणजे सान्योचे हायब्रिड मॉड्यूल, आख्खा आउटपुट सेक्शन एका पॅकमध्ये. चालतोय तोवर मस्त चालतो. गेला की मात्र जुने नंबर कंपनीने केव्हाच बंद केलेत आणि बाजारात त्याच नंबरची जी नक्कल मिळते ती कधी आठवडा टिकते, कधी स्विच ऑन करतानाच जाते. अठरा हजार देऊन मी एका न मिळणाऱ्या पार्टवर बसणार होतो. हात जोडले आणि निघालो.

दुसरा होता कॉस्मिक, गिरगावातल्या एका घरी. आपल्याकडे बाहेरच्या मालावर ड्युटी डोळे पांढरे करणारी होती त्या काळातला, इथेच बनलेला. कौतुकाने बघितला, आतलं सर्किट साधं सरळ, प्रत्येक ट्रान्झिस्टर आजही मिळेल असा. पण मी दोन दिवस विचार करत बसलो तेवढ्यात त्यांनी दुसऱ्याला देऊन टाकला, त्याची चुटपुट अजून आहे.

तिसरा हा. एनएडी ३०२०. मुलुंडला एक रिटायर्ड काका, त्यांच्या भावाने इंग्लंडहून येताना आणलेला, म्हणजे थेट २४० व्होल्टचा पीस. आमच्या डोंबिवलीत दुपारी २३८ आणि रात्री उशिरा २४७ पर्यंत व्होल्टेज जातं (मी आठवडाभर लिहून ठेवलंय, हिला वाटलं मला वेड लागलं), त्यामुळे २२० च्या युरोपी पिसापेक्षा इंग्लंडचा २४० चा पीस आपल्याकडे जास्त निवांत चालतो, ट्रान्सफॉर्मर आणि कंडेन्सरवर ताण कमी येतो. ही गोष्ट कोणी फारशी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिली.

दिसायला म्हणाल तर काही नाही. मळकट काळपट-करडा डबा, प्लास्टिकची बटणं, समोर पाच छोटे दिवे पॉवर दाखवायला. उचलला तर त्या जपानी रिसिव्हरपुढे एकदम पोरगेलासा. कागदावर फक्त २० वॅट. १९७८ ला बाजारात आला, डिझाइन नॉर्वेच्या बियॉर्न एरिक एडवर्ड्सन यांचं, आणि त्यामागचा हिशोब सरळ होता : फेसप्लेटवर, मीटरवर पैसे घालायचे नाहीत, ते ट्रान्सफॉर्मर आणि सर्किटवर घालायचे. ८ ओहमला २० वॅट लिहिलंय खरं, पण तबल्याची थाप किंवा ढोलाचा ठोका आला की क्षणभर त्याच्या दुप्पट देण्याची ताकद त्यात ठेवलेली आहे आणि स्पीकरचा इंपीडन्स (ओहममध्ये मोजतात तो अडथळा) खाली गेला तरी तो घाबरत नाही. म्हणून त्या काळात हा स्वस्तातला ॲम्प महागड्या स्पीकरना लावून लोक एकमेकांना चाट पाडायचे.

पण मी घेतला तो आवाजासाठी नाही, खरं सांगतो. आवाज तर मी त्यांच्याकडे धड ऐकलाच नव्हता, डावा चॅनल मधूनच जात होता. घेतला कारण आत आउटपुटला टूएन-३०५५ आणि त्याची जोडी एमजे-२९५५ आहेत. हे ट्रान्झिस्टर आपल्याकडे इन्व्हर्टरपासून बॅटरी एलिमिनेटरपर्यंत सगळीकडे लागलेले, कुठल्याही गल्लीतल्या रिपेअरवाल्याला झोपेत उठवून विचारलं तरी पिन सांगेल. माझं मत असं झालंय की जुना ॲम्प त्याच्या चेहऱ्यावरून निवडूच नये, लॅमिंग्टन रोडला (मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) त्याचे पार्ट मिळतात का यावरून निवडावा. बाकी सगळं नंतर जमवता येतं.

काकांकडे जाताना मल्टिमीटर आणि एक टाकाऊ स्पीकर घेऊन गेलो होतो. स्पीकर न लावता आधी टर्मिनलवर डीसी (तिथे असूच नये असं स्थिर व्होल्टेज) मोजला, उजव्याला १८ मिलिव्होल्ट, डाव्याला ३१. पन्नासच्या आत म्हणजे ठीक, शंभरच्या वर असेल तर किंमत पाडा, आणि व्होल्टात आकडा आला तर स्पीकर लावूच नका, कॉइल जळेल. मग झाकणाच्या स्क्रूची डोकी बघितली. डोकी झिजलेली असली म्हणजे आत आधी कोणीतरी हात मारलाय. यांच्या चारपैकी एक झिजलेला होता. काका म्हणाले, "एकदा नाक्यावरच्या माणसाने बघितला होता, खरखर होत होती म्हणून." साडेतेरा हजारात सौदा झाला. निघताना म्हणाले, "घेऊन जा, पण वाजवा हो, शोकेसमध्ये ठेवायला देत नाहीये." लोकलने मांडीवर घेऊन आलो.

आता कामाचं. पहिली गोष्ट म्हणजे सिरीज बल्ब, त्याशिवाय जुन्या ॲम्पची पिन लावायचीच नाही. फेजच्या वायरमध्ये एक साधा तारेचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये टाकायचा, ६० किंवा १०० वॅटचा. ॲम्प ऑन केला की बल्ब क्षणभर पेटून मंद झाला पाहिजे, तसाच भगभगत राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद करा. एलईडी बल्ब इथे कामाचा नाही आणि तारेचा बल्ब शोधायला मला तीन दुकानं हिंडावी लागली, शेवटी आईच्या देव्हाऱ्यासाठी कधीतरी आणून ठेवलेला एक सापडला. दुसरी गोष्ट, पिन काढली म्हणजे करंट गेला असं समजू नका, मोठ्या फिल्टर कंडेन्सरमध्ये चार्ज साठलेला असतो, तो रेझिस्टन्स लावून उतरवायचा आणि मीटरने बघायचा, मगच बोटं आत.

नाक्यावरच्या माणसाने खरखर घालवायला व्हॉल्यूममध्ये बहुतेक शिलाई मशीनचं तेल सोडलेलं होतं. चाळीस वर्षांची धूळ आणि तेल मिळून अशी काजळी झाली होती की कानकोरण्याने काढली. कॉन्टॅक्ट क्लीनरचा चांगला स्प्रे आणायचा, नळीने पॉटच्या (बटणामागचा फिरता रेझिस्टन्स) फटीत मारायचा आणि बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत पन्नासदा फिरवायचं. सगळ्या स्विचेसचं तेच. या एका कामाने ॲम्प साठ टक्के सुधारतो, खर्च चारशे रुपये.

आणि डावा चॅनल का जात होता माहितीये? मागे प्रीॲम्पचं (व्हॉल्यूम वगैरे सांभाळणारा पुढचा भाग) आउटपुट आणि पॉवर ॲम्पचं (स्पीकर हलवणारा मागचा भाग) इनपुट जोडायला यू आकाराच्या दोन धातूच्या पट्ट्या असतात, त्या काळवंडल्या होत्या. बस. घासून लखलखीत केल्या आणि चॅनल आला. यासाठी कुठला तरी मेकॅनिक पूर्ण आउटपुट स्टेज बदलायचे पैसे घेऊ शकतो बरं का. नंतर मी त्या पट्ट्या काढून दोन छोट्या आरसीए केबल लावल्या आणि त्याही 'नॉर्मल इन'ला न लावता शेजारच्या 'लॅब इन'ला. हे या ॲम्पचं खास वैशिष्ट्य, पॉवर ॲम्पला दोन दरवाजे आहेत, नॉर्मलमध्ये अगदी खालच्या आणि अगदी वरच्या फ्रिक्वेन्सीला चाळणी लावलेली आहे, लॅबमध्ये ती चाळणी नाही. फरक पडतो का? सीडीवर आणि फोनवरून ऐकताना खालचा आवाज थोडा मोकळा वाटतो मला. एलपी लावली की मात्र मी परत नॉर्मलवर येतो, कारण वाकडी रेकॉर्ड असेल तर वूफर उगाच आत-बाहेर पंप होत राहतो.

मग कंडेन्सर. उजवीकडे एक बारीक हम (घूंऽऽ असा सतत आवाज) होता, व्हॉल्यूम शून्यावर असतानाही. आमच्याकडे आईची पेटी आहे, तिच्यावर डावीकडच्या सप्तकात पांढरी पाच (पाचवी पांढरी पट्टी) दाबली तर हम तिच्या जरासा वर लागत होता. हे ऐकायला गंमत वाटेल पण याने खरंच निदान होतं. ती पांढरी पाच ९८ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे हम १०० चा, आणि आपला सप्लाय ५० हर्ट्झचा, रेक्टिफायरमधून गेल्यावर त्याचं १०० होतं, म्हणजे फिल्टर कंडेन्सर म्हातारे झालेत. हम एक सप्तक खाली ५० ला असता तर केबलमध्ये किंवा अर्थिंगमध्ये शोधायचं. तंबोऱ्याच्या मागे हा हम इतका बेमालूम बसतो की पहिले दोन दिवस मला वाटलं रेकॉर्डिंगच तसं आहे!

सगळे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बदलले, एका वेळी एकच काढायचा, त्याच जागी तसाच बसवायचा, फोटो आधी काढून ठेवायचा. व्हॅल्यू तीच, व्होल्टेज तेच किंवा एक पायरी वर, १०५ डिग्रीचे. खर्च साधारण अकराशे. दोन रविवार गेले. हम गेला.

आता माझा मूर्खपणा. जोशात येऊन मी म्हटलं आउटपुट ट्रान्झिस्टर पण नवे टाकू, काही गरज नव्हती, चारही उत्तम चालत होते. ग्रँट रोड स्टेशनला उतरलो, लॅमिंग्टन रोडच्या एका गल्लीतल्या दुकानातून (नाव लिहीत नाही) टूएन-३०५५ घेतले, पस्तीस रुपयाला एक. हातात घेतल्यावरच हलके वाटले होते. बसवताना ट्रान्झिस्टरच्या खालचं, करंट अडवणारं अभ्रकाचं वॉशर कोपऱ्यात चिरलं ते मला दिसलं नाही. या ट्रान्झिस्टरची लोखंडी टोपीच कलेक्टर असते, तो हीटसिंकला (उष्णता खेचून घेणारा धातूचा तुकडा) टेकला की संपलं. सिरीज बल्ब लावायचा कंटाळा केला होता, एवढंच सांगतो. फट्कन आवाज आला, फ्यूज गेला, आणि तो पस्तीस रुपयांचा शहाणा पण गेला.

गेलेल्याची टोपी रात्री हॅक्सॉने कापून बघितली. आत सिलिकॉनचा तुकडा मोहरीच्या दाण्यापेक्षा थोडासा मोठा. मग जुना, कुठल्या तरी सप्लायमधला मेलेला अस्सल होता ड्रॉवरमध्ये, तो कापला, त्यात हरभऱ्याच्या डाळीएवढा. वर नंबर दोघांवर तोच, अक्षरं तर नकलीवरची जास्त सुबक! ११५ वॅटचा म्हणवणारा पार्ट मोहरीएवढ्या तुकड्यावर किती टिकणार. काढलेले जुने चार मी नशिबाने फेकले नव्हते, नवीन अभ्रक आणि पांढरी हीटसिंक पेस्ट लावून तेच परत बसवले आणि आजही तेच वाजतायत.

जी गोष्ट खरंच बदलायला हवी होती ती होती बायसच्या प्रीसेट, म्हणजे आवाज नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरमधून थोडा करंट (बायस) चालू ठेवतात तो कमी-जास्त करायचे स्क्रूने फिरणारे छोटे रेझिस्टन्स. या चाळीस वर्षांच्या उघड्या कार्बनच्या प्रीसेट, आत धूळ, आणि बायस सेट करताना स्क्रूड्रायव्हर केसभर हलवला की मीटरवरचा आकडा उडी मारायचा. त्यातला सरकणारा काटा कधी सुटला तर बऱ्याच सर्किटमध्ये बायस एकदम चढतो आणि आउटपुट भाजून निघतो. दोन मल्टिटर्न प्रीसेट टाकल्या, ऐंशी रुपये. आधी बायस सगळ्यात कमीवर ठेवला, ॲम्प अर्धा तास गरम होऊ दिला आणि मग एमिटर रेझिस्टन्सवर मीटर लावून सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यापर्यंत हळूहळू आणला. आता हीटसिंक हाताला कोमट लागतो, ताज्या चहाच्या कपासारखा नाही.

दुसरा बदल जो मी ठेवला तो तर दहा रुपयांचा आहे. हा ॲम्प त्या काळच्या टेप डेकच्या हिशोबाने केलेला, आणि आजचा साधा डॅक (डिजिटल गाण्याचा ॲनालॉग सिग्नल करणारा डबा) दोन व्होल्ट फेकतो. त्यामुळे व्हॉल्यूमचं बटण घड्याळाच्या काट्यासारखं आठ वाजल्यावरून नऊ वाजल्यावर गेलं की हॉलमध्ये भूकंप, आणि आठच्या खाली डावा-उजवा चॅनल सारखा राहत नाही कारण जुना पॉट तेवढ्या खाली जुळत नाही. इलाज म्हणजे केबलमध्येच दोन रेझिस्टन्स, २२ के (किलोओहम) सिग्नलच्या मार्गात आणि १० के तिथून ग्राउंडला, दोन्ही चॅनलला. साधारण १० डीबी (डेसिबल) उतरतं. आता बटण बाराच्या आसपास ठेवून निवांत ऐकता येतं, शेजारचे भाऊ पण खूश.

काढून टाकलेल्या बदलांची यादी मोठी आहे आणि लाज वाटावी अशी आहे. फिल्टर कंडेन्सर तिपटीने मोठे टाकून बघितले, बेस वाढेल म्हणून. बेस तेवढाच राहिला, स्विच ऑन करताना स्पीकरमधून धप्प आवाज मात्र वाढला आणि आठवड्यात दोन फ्यूज गेले. सिग्नलच्या वाटेवर महागडे फिल्म कंडेन्सर टाकले, तीन हजार रुपये, मग मुलाला सांगून एका चॅनलला जुने आणि एकाला नवे ठेवले, मोनो रेकॉर्ड लावून डोळे मिटून ओळखायचा प्रयत्न केला, दहातून पाच वेळा बरोबर. म्हणजे छापा-काटा. आत एक स्वस्तातलं ब्लूटूथ बोर्ड बसवलं तर शांत जागी डासासारखी पिंऽऽ यायला लागली. समोरच्या पाच दिव्यांच्या जागी निळे एलईडी लावले, ही म्हणाली गणपतीचं डेकोरेशन वाटतंय, रात्रीच काढले.

आवाजाबद्दल लिहायचं राहिलंच. आमचा हॉल दहा बाय पंधरा, स्पीकर ८ ओहमचे बुकशेल्फ, आणि तिथे २० वॅट भरपूर होतात, पाचातले तीन दिवे सुद्धा क्वचित पेटतात. आवाज थोडा उबदार, गळा पुढे येतो. काचेसारखा स्वच्छ आवाज आवडणाऱ्यांना हा जरा घोंगडी पांघरल्यासारखा वाटेल. याचा फोनो सेक्शन (रेकॉर्ड प्लेअर लावायचा भाग) मला सगळ्यात आवडला. बाबांच्या नाट्यगीतांच्या एलपी लावल्या, ऑर्गनच्या भात्याचा श्वास ऐकू येतो, तबल्याच्या शाईवरचा आणि चाटेवरचा बोल वेगळा कळतो, आणि आई स्वयंपाकघरातून हातातलं लाटणं घेऊन येऊन दारात उभी राहिली ती बाजू संपेपर्यंत. पोळी करपली. कोणी काही बोललं नाही.

पार्टीला, गच्चीवर, मोठ्या हॉलला घेऊ नका, त्यासाठी हा नाही. मागे सॉफ्ट क्लिपिंगचा स्विच आहे तो ऑन ठेवला तर जोरात वाजवताना आवाज फाटण्याआधी जरा मऊ होतो आणि ट्वीटर वाचतो, पण म्हणून २० चे १०० वॅट होत नाहीत. ज्यांना सोल्डरिंग अजिबात येत नाही त्यांनी साफसफाई आणि त्या पट्ट्या एवढं घरी करावं, प्रीसेट आणि कंडेन्सरचं काम जाणत्या माणसाकडून समोर बसून करून घ्यावं, आणि काढलेला प्रत्येक पार्ट परत मागून घ्यावा. विकत घेताना ३०२० च्या पुढे ए, बी, ई, आय अशी अक्षरं असलेली नंतरची मॉडेलं पण दिसतील, ती थोडी वेगळी आहेत, मॅन्युअल त्याच अक्षराचं घ्या.

एकूण हिशोब : ॲम्प साडेतेरा हजार, कामाचे पार्ट सोळाशेच्या आत, माझ्या हौसेचे आणि मूर्खपणाचे पाच हजाराच्या वर. जुने कंडेन्सर, जुन्या प्रीसेट, त्या दोन यू पट्ट्या आणि कापलेले दोन ट्रान्झिस्टर श्रीखंडाच्या डब्यात घालून ॲम्पच्या मागे ठेवलेत. मुलुंडच्या काकांना गेल्या महिन्यात फोनवर पाच मिनिटं ऐकवला. ते म्हणाले, "डावा पण वाजतोय की हो." त्या पट्ट्यांचं मात्र मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.